जुन्या लोखंडी लाइनला नवा नळ: आधी भिंतीतला एल्बो बघा

पुण्यात कोथरूडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. इमारत 1988 च्या आसपासची, घर तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. सिंकच्या वर भिंतीतून आलेला एकच नळ आहे आणि तो कितीही आवळला तरी ठिबकतो. म्हणून त्यांनी ओट्यावर उभा राहणारा मिक्सर नळ मागवला. खालून गरम आणि गार अशा दोन नळ्या, आणि तोंड ओढून बाहेर काढता येणारं. स्वयंपाकघरात गरम पाण्याची लाइन मात्र नाही. एक प्लंबर म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरा म्हणाला, भिंत फोडून सगळी लाइन बदलावी लागेल. यजमानांचं म्हणणं, पाना घरात आहे, मीच लावतो. सासूबाई म्हणतात, जुना नळच बरा आहे. कुणाचं ऐकायचं, आणि यजमानांना हे करता येईल का?

ताई, तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे चौघांपैकी कोण बरोबर हे इथून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सत्तावीस वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली निम्मी तरी कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्याच्या अशाच तीन मजली इमारतींत गेली. तिथे काय निघतं आणि मी काय बघून ठरवतो, ते सांगतो.

आधी सासूबाईंचं. नळ ठिबकतो एवढीच तक्रार असेल आणि नळ जुन्या पद्धतीचा, चार-पाच फेरे फिरवून बंद होणारा असेल, तर बहुतेक वेळा आतला वायसर (रबरी चकती) झिजलेला असतो. पाणी बंद करायचं, वरचा स्पिंडल काढायचा, वायसर बदलायचा. दहा मिनिटांचं काम. वायसर बदलूनही ठिबकत राहिला तर ज्या कडेवर वायसर टेकतो तिलाच खाच पडलेली असते आणि मग नळ बदलणं आलं. जुने पितळी नळ वजनदार असतात, चांगले असतात, त्यांना उगाच नावं ठेवू नयेत. पण तुम्हाला नवा हवा आहे, मागवलाही आहे, तेव्हा पुढे जाऊ.

तुमचा प्रश्न नळाचा वाटतो, पण खरी अडचण जागेची आहे. तुमचं पाणी भिंतीतून ओट्याच्या वर येतं, साधारण दहा-बारा इंच उंचीवर. तुम्ही घेतलेल्या नळाला पाणी ओट्याच्या खालून लागतं. त्याच्या दोन्ही नळ्या सिंकखालच्या कपाटात उतरतात आणि तिथे त्यांना अँगल कॉक (पाणी चालू-बंद करायचा छोटा कॉक) हवा असतो. आत्ता तिथे काहीच नाही. म्हणजे हा एक नळ काढून दुसरा लावण्याचा प्रकार नाही, पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं आहे. अर्ध्या तासवाल्या प्लंबरने बहुतेक असं धरलंय की जुन्या नळाच्या जागी अँगल कॉक लावायचा, त्यातून लांब कनेक्शन पाइप काढायचा आणि ग्रॅनाइटला भोक पाडून खाली घालायचा. होतं ते. पण भिंतीवर कॉक, त्यातून लोंबणारी नळी आणि शेजारी तुमचा सुंदर नळ, हे रोज डोळ्यांना खुपेल. वर त्या नळीमागे खरकटं साचेल.

दुसरी गोष्ट प्रेशरची. शेवटच्या मजल्यावरच्या लोकांना मी नळ घ्यायच्या आधी बादली लावायला सांगतो. पाण्याचा हिशोब सोपा आहे. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक किलोचं प्रेशर मिळतं, म्हणजे एक बार. तुमच्या गच्चीवरची टाकी स्वयंपाकघरातल्या नळाच्या वर अडीच-तीन मीटर असेल. म्हणजे तुमच्याकडे पाव किलो किंवा त्याहून थोडं जास्त. तळमजल्यावर हेच जवळजवळ एक किलो होतं, म्हणून खालच्या काकूंचा मिक्सर धो-धो चालतो आणि तोच वरच्या मजल्यावर रडतो. अनेक मिक्सरच्या खोक्यावर किमान अर्धा किंवा एक बार लागेल असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. शिवाय या मिक्सरच्या नळ्या बाहेरून बोटाएवढ्या जाड दिसल्या तरी आतलं भोक जेमतेम पेन्सिलीएवढं असतं. त्यात कार्ट्रिज (दांडीखालचा, पाणी कमी-जास्त करणारा भाग), त्यात पुढची ओढायची नळी, त्यात तोंडाची जाळी. प्रत्येक ठिकाणी पाणी अडतं.

तेव्हा पहिलं काम असं करा. आजच्याच नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा. चाळीस सेकंदांच्या आत भरली तर मिक्सरचा विचार करा. मिनिटाच्या वर गेली तर हा मिक्सर परत करा, प्रेशर पंप बसवायची तयारी असेल तर वेगळं. हा चाळीस सेकंदांचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अनुभवाचा आहे. पण या आकड्याने मला अजून तोंडघशी पाडलेलं नाही.

बादली उशिरा भरली तर कारण टाकीच असेल असं नाही. बाथरूमच्या नळाला धार चांगली आणि फक्त स्वयंपाकघरात कमी, असं असेल तर पाइप आतून गंजून बारीक झालाय. 1988 ची इमारत म्हणजे भिंतीत लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप, हे मी धरून चालतो. अशी लाइन मी कापतो तेव्हा अर्ध्या इंचाच्या पाइपात कधी कधी करंगळीचं टोकही जात नाही. आत तांबड्या गुठळ्या, एकावर एक. घरातल्या घरात ओळखायची खूण म्हणजे सकाळी सगळ्यांत आधी पांढऱ्या भांड्यात पाणी घ्या. पहिला तांब्या पिवळट-लाल आला आणि मग स्वच्छ झाला, तर लाइन आतून सुटत चालली आहे. तसं असेल तर भिंत फोडायला सांगणारा प्लंबर तुम्हाला लुबाडत नाही, तो खरं बोलतोय. जुन्या गंजलेल्या लाइनला एका जागी नवं जोडलं की गळती दोन फूट पुढे सरकते. वर्षभरात पुन्हा फोन येतो, आणि तेव्हा नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

आता भिंतीतल्या एल्बोकडे येतो, कारण यजमानांनी पाना हातात घ्यायच्या आधी त्यांना हे माहीत पाहिजे.

भिंतीत पाइप जिथे वळून बाहेर तोंड करतो तिथे एल्बो असतो. त्याचे आटे आतल्या बाजूला असतात आणि नळाचे बाहेरचे आटे त्यात बसतात. मधे अंतर असेल तर एक एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा) असतो. तुमच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, दिसते फक्त चकचकीत फ्लँज, म्हणजे भिंतीला टेकलेली गोल चकती. पस्तीस वर्षांत तो एल्बो आणि तो नळ एकजीव झालेले असतात. नळ फिरवायला गेलात आणि एल्बोच्या आतला आटा सुटण्याऐवजी एल्बोच फिरला, किंवा त्यामागचा पाइप पिळला गेला, की काम संपलं. म्हणजे सुरू झालं.

माझ्याकडून हे झालंय. धंद्यात उतरून चौथं वर्ष असेल. शनिवारची संध्याकाळ, एका जुन्या इमारतीत नळ निघेना, म्हणून पाइप पान्याच्या दांड्यात दोन फुटी पाइप घालून जोर लावला. कट् असा आवाज आला आणि मला वाटलं, सुटला. नळ हातात आला खरा, पण त्याच्याबरोबर एल्बोचा अर्धा तुकडाही आला. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, तर त्या उभ्या लाइनवरची तीन स्वयंपाकघरं कोरडी. रविवारी दुपारपर्यंत तीन घरांना बादल्या. दीड फूट भिंत फोडली आणि त्यात नऊ टाइल्स गेल्या. त्या तपकिरी फुलांच्या टाइल्स बाजारातून केव्हाच गेलेल्या. शेवटी पांढऱ्या लावल्या, पैसे माझे. त्या घरी अजून गेलो की त्या नऊ टाइल्स माझ्याकडे बघतात.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. आदल्या रात्री फ्लँज मागे सरकवून आट्याच्या फटीत गंज सोडवणारं तेल मारतो. पूर्वी रॉकेल घालायचो. दुसऱ्या दिवशी पाणी बंद केल्यावर नळाच्या मुळाशी जो षटकोनी भाग असतो तिथेच पाना लावतो. नळाच्या अंगाला किंवा तोटीला कधीच नाही. आणि पहिला जोर सोडवायला लावत नाही, आवळायला लावतो. अगदी केसभर. गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं, बारीक टक् असा आवाज येतो. मग उलट्या दिशेला, थोडं सोड, थोडं आवळ, थोडं सोड. दुसरा हात भिंतीवर फ्लँजच्या कडेला ठेवतो. भिंतीत हालचाल जाणवली, टाइलच्या सांध्यातून पांढरी पूड गळली, तर तिथेच थांबतो. त्या क्षणी थांबलं तर नुकसान काही नाही. जुना नळ परत आवळून ठेवायचा, वायसर बदलायचा आणि लाइन बदलायचं काम सवडीने काढायचं.

नळ नीट निघाला तर लगेच नवा लावायला धावू नका. एल्बोत टॉर्च मारा. सांधा बंद करायला लावलेलं जुनं सूत, सफेदा (पांढरी पेस्ट), गंज हे सगळं जुन्या टूथब्रशने आणि चिंधीने काढा. आटे राखाडी आणि धारदार दिसले तर नशीब. लाल पापुद्रे निघत असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने एका आट्यावर हलकं खरवडून बघा. आटा तुकड्याने निघाला तर त्या एल्बोवर नवा नळ टिकणार नाही, कितीही टेप गुंडाळा.

पाणी बंद करण्याबद्दल आधीच बोलायला हवं होतं. घरातला मेन कॉक चालू स्थितीत असेल तर उत्तम, पण तुमच्यासारख्या इमारतींत बहुतेक घरांना तो नसतोच. असतो तो गच्चीवर, टाकीपासून उतरणाऱ्या प्रत्येक लाइनला एकेक. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर दोन धोके आहेत. चाक फिरतं पण आतली फळी स्पिंडलवरून सुटलेली असते, म्हणजे बंद झाल्यासारखं वाटतं पण पाणी येतच राहतं. किंवा नीट बंद होतो आणि मग उघडतच नाही. म्हणून नळ सोडवायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करून सिंकचा नळ उघडा ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. थेंब थेंब चालू राहिले तर पुढे जाऊ नका. खालच्या दोन मजल्यांना सांगून ठेवा. आणि हे काम सकाळी दहाला काढा, रात्री आठला नाही, कारण काही बिघडलं तर दुकान उघडं पाहिजे.

आता तुमच्यापुढे रस्ते कोणते? मी तुमच्या जागी असतो तर पहिला रस्ता धरला असता, तो म्हणजे नळ बदलून घेणं. ओट्यावरचा मिक्सर परत करा आणि भिंतीवर बसणारा, लांब फिरत्या तोटीचा सिंक कॉक घ्या. एकच इनलेट, अर्धा इंची, पाव फेऱ्यात उघडणारा. गरम लाइन नाही तर मिक्सर कशाला? या नळात पाणी फार अडत नाही, त्यामुळे शेवटच्या मजल्यालाही तो चालतो. घेताना दोन मापं बघा. तोटीचं तोंड सिंकच्या मध्याजवळ पडलं पाहिजे. आणि तोटीखाली तुमचा सगळ्यांत मोठा कुकर, कळशी किंवा दिवाळीला निघणारं पातेलं तिरकं न करता मावलं पाहिजे. दुकानात नळ हातात धरून ही मापं कळत नाहीत. घरी भिंतीपासून टेप लावून लिहून न्या.

दुसरा रस्ता, हाच मिक्सर ठेवायचा असेल तर. तुमच्या सिंकच्या भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी आहे का? त्या काळच्या अनेक फ्लॅटमध्ये असते. तिथे कपड्यांसाठी किंवा भांड्यांसाठी नळ असेल, तर त्या लाइनवरून टी (तीन तोंडांचा जोड) काढून ओट्याखालच्या भिंतीला एक भोक पाडायचं आणि सिंकखाली सीपीव्हीसीचं (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपचं) नवं टोक आणायचं. स्वयंपाकघराची भिंत फुटत नाही, टाइल्स शाबूत. वरच्या जुन्या एल्बोला पितळी प्लग मारून टाकायचा. हे काम मी खूप वेळा केलंय आणि ते निभतं. पण ड्राय बाल्कनीचा नळसुद्धा त्याच वयाचा आहे, त्याचा एल्बोही वरच्यासारखाच तपासायला लागेल.

आणि एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या नळाला पाणी कुठलं येतं? पुण्यात अनेक सोसायट्यांत दोन पाणी असतात. कॉर्पोरेशनचं वेगळं, बोअरचं वेगळं. बाल्कनीच्या आणि संडासच्या लाइनला बोअरचं पाणी सोडलेलं असू शकतं. तुमच्या बाल्कनीतली बादली आतून पांढरी, खरखरीत झालेली असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते बोअरचं समजा आणि सेक्रेटरींना विचारून खात्री करा. बोअरचं पाणी स्वयंपाकाच्या नळाला आणायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन लाइन कुठेतरी एकमेकींना जोडून ठेवणं. "एक बंद झालं तर दुसरं येईल" म्हणून असा टी टाकून देणारे महाभाग मी पाहिलेत. मधला कॉक एक दिवस उघडा राहतो, बोअरचं प्रेशर जास्त असलं की ते पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरतं. तुमच्या एकट्याच्या नाही, खालच्या घरांच्याही. मिक्सरच्या गरम इनलेटला एक लाइन आणि गार इनलेटला दुसरी, असंही करू नका. मिक्सर म्हणजे दोन लाइनमधला पूल आहे, त्याचं कार्ट्रिज खराब झालं की पाणी इकडून तिकडे जातं.

मग गरम पाण्याची जी नळी आहे तिचं काय करायचं? ती तशीच सोडून देता येत नाही. दांडी डावीकडे नेली की त्या नळीतून पाणी यायला हवं, आणि काही मिक्सरमध्ये तिथून उलट बाहेरही येतं. दोन पर्याय आहेत. त्या नळीच्या तोंडाला प्लग लावायचा, मग दांडी डावीकडे गेली की पाणी बंद होईल. किंवा सिंकखाली दोन अँगल कॉक लावून दोघांना एकाच गार लाइनवरून पाणी द्यायचं. मी दुसरं करतो. दांडी कुठेही असली तरी पाणी येतं, आणि पुढे कधी सिंकखाली छोटा गीझर बसवला तर एक नळी काढून त्याला जोडायची, एवढंच उरतं. गरम नेहमी डाव्या हाताला, हे तेव्हा विसरू नका.

ग्रॅनाइटला भोक पाडायचं असेल तर साधारण 35 मिलिमीटरचं लागतं. ते दगडवाल्याकडूनच पाडून घ्या, कोअर बिटने, पाणी सोडत. हॅमर लावून पाडायला गेलेल्या माणसाने सिंकच्या कडेपासून भिंतीपर्यंत ओट्याला चीर पाडलेली मी बघितलीय. सिंकला नळासाठी कडा असेल आणि त्यात भोक असेल तर तेच वापरा.

तिसरा रस्ता म्हणजे भिंतीत झिरी मारून लाइन वरून खाली आणणं. तांबडं पाणी येत असेल तर तोच खरा, आणि मग अर्धवट करू नका. उभ्या लाइनपासून सगळं सीपीव्हीसी करा. पाइपवर आयएस 15778 छापलेलं बघून घ्या, आणि चिकटवायचं सोल्यूशन सीपीव्हीसीचंच घ्या. यूपीव्हीसीचं, म्हणजे गार पाण्याच्या साध्या पाइपचं, स्वस्त असतं आणि दुकानदार कधी कधी तेच देतो. जिथे लोखंड संपून प्लॅस्टिक सुरू होतं तिथे पितळी आट्याचं फिटिंग हवं. प्लॅस्टिकचे आटे लोखंडात आवळले की आज नाही तर दोन वर्षांनी तडकतात. भिंत बुजवायच्या आधी लाइन एक रात्र भरून ठेवा. गवंड्याला घाई असते, त्याला चहा पाजा.

आता यजमानांसाठी, नळ भिंतीवर बसवायचा ठरला आणि एल्बो चांगला निघाला, असं धरून. नवा नळ आणला की ते आट्यावर पट्टी धरतील आणि म्हणतील, अरे, हा तर एकवीस मिलिमीटर आहे, चुकीचा दिला. नाही. अर्धा इंच हे पाइपाच्या आतल्या मापाचं जुनं नाव आहे, अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ 21 मिलिमीटरच असतो. आपल्याकडचे बहुतेक घरगुती नळ त्याच आट्याचे. भाच्याने अमेरिकेहून आणलेला नळ असेल तर मात्र सांभाळा. तिकडचा अर्धा इंची आटा दोन फेरे बसतो आणि मग अडतो, कारण आट्याचा कोन वेगळा. बळजबरी केली तर तुमच्या एल्बोचे आटे जातील.

एल्बोच्या तोंडापासून टाइलच्या पृष्ठभागापर्यंत किती खोली आहे ते मोजा. नळाचे निदान पाच-सहा आटे एल्बोत बसले पाहिजेत. बसत नसतील तर तेवढ्याच लांबीचा एक एक्स्टेन्शन निपल घ्या. दोन छोटे जोडून लांब करू नका, गळतीची एक जागा वाढते. निपल पितळीच हवा. क्रोम सगळ्यांनाच केलेलं असतं, त्यामुळे दिसून कळत नाही. टोकावर कानस मारून बघा, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर परत करा.

टेप गुंडाळण्यात सगळ्यांत जास्त चुका होतात. नवीन क्रोमचे आटे इतके गुळगुळीत असतात की टेप त्यावर घसरते, म्हणून मी हॅक्सॉ ब्लेडने आट्यांना आडव्या बारीक रेघा मारून घेतो. मग आट्याचं टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून पुढे गोळा होते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे धागे पाण्याबरोबर नळात जाऊन अडकतात. आपल्याकडची टेप पातळ असते, मी दहा-बारा फेरे देतो. लोखंडी एल्बोचे आटे थोडे झिजलेले असतील तर वरून बारीक सूत आणि सफेदा. हीच गोष्ट सीपीव्हीसीच्या पितळी एल्बोला मात्र करायची नाही. तिथे फक्त टेप. सूत फुगतं आणि पितळेभोवतीचं प्लॅस्टिक तडकतं.

हाताने तीन-चार फेरे बसला पाहिजे, मग पान्याने एक-दीड. पान्याखाली फडकं घ्या, क्रोमला ओरखडा येत नाही. आणि इथे लक्ष द्या. नळ बऱ्यापैकी घट्ट झाला, पण तोटी सरळ खाली न येता थोडी पुढे गेली, तर सगळे काय करतात? एवढासा मागे फिरवतात. तो सांधा त्या क्षणी गेला. आज नाही गळणार, आठवड्याने फ्लँजखालून ओल दिसेल. पुढे गेलेला नळ एकतर आणखी एक फेरा पेलत असेल तर पुढेच न्यायचा, नाहीतर पूर्ण काढून, जुनी टेप खरवडून, एखाद-दोन फेरे कमी-जास्त करून नव्याने बसवायचा. मला अजूनही कधी कधी तीनदा काढावा लागतो.

ओट्यावरचा मिक्सर लावणार असाल तर कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो, तिथे टेप लागतच नाही. हाताने घट्ट, मग पाव ते अर्धा फेरा, बस. जास्त आवळलं की वायसर फाटतो. नळ्या ताणून किंवा पिळून बसवू नका, त्यांना थोडा झोल हवा. ओढायच्या नळीला खाली वजन असतं, ते कपाटातल्या डब्यांत अडकणार नाही एवढी जागा रिकामी ठेवा. नट पितळी आणि नळीवरची जाळी स्टीलची घ्या. स्वस्त प्लॅस्टिकची कनेक्शन पाइप नटाजवळून सटकते, आणि ती सटकते तेव्हा तुम्ही गावाला गेलेल्या असता.

पाणी सोडायच्या आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा. भिंतीतून सुटलेला गंज आणि वाळू दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग जाळी लावा. हे केलं नाही तर नवा नळ पहिल्याच दिवशी कमी पाणी देतो आणि कंपनीला शिव्या पडतात. गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. शेवटच्या मजल्यावर पाणी येईना आणि नुसती हवा फुसफुसत असेल तर लाइनमध्ये हवा अडकली आहे. तळमजल्याचा नळ आधी उघडायला सांगा, मग दुसरा, मग तुमचा. बहुतेक वेळा सुटते. सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर चिकटवून ठेवा आणि सकाळी बघा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर दिसते.

यजमानांना करता येईल का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होतं. नवा नळ बसवणं, टेप, कनेक्शन पाइप, हे सगळं हौशी माणसाला जमतं. जुना नळ काढणं हे मी तुमच्या इमारतीत त्यांना करू देणार नाही. तेवढं काम जुन्या लाइनवर हात बसलेल्या माणसाला द्या, आणि तो पान्याला लांब पाइप लावताना दिसला तर त्याला थांबवा.

आणि जुना नळ निघाला की लगेच भंगारवाल्याला देऊ नका. नवा वायसर टाकून महिनाभर कपाटात ठेवा. नव्यात काही दोष निघाला आणि रविवारी रात्री तो बंदच होईना, तर तोच परत बसवता येईल, कारण त्याचे आटे त्या एल्बोला पस्तीस वर्षं ओळखतात.